ज्ञानाची मर्यादा व ईश्वरावरील श्रद्धा : किल्लारीच्या भूकंपावरून एक पाठ

विद्यार्थ्यांच्या मनात एक प्रश्न वारंवार उद्भवतो, परंतु तो विचारण्यास ते बहुधा संकोचतात. ज्याच्या मनात शंका आहेत, ज्यास पुष्कळ गोष्टींचा उलगडा होत नाही, त्याने ईश्वरावर श्रद्धा ठेवावी काय, आणि ठेवल्यास ती खरी श्रद्धा म्हणता येईल काय, असा तो प्रश्न आहे. विज्ञानाचा तास संपून प्रार्थनेची घंटा होते, तेव्हा काही बालकांस वाटते की, आपण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत आलो आणि तिकडचे प्रश्न इकडे आणणे हे पाप होय. ही समजूत आम्हांस हानिकारक वाटते. जी शंका मुलगा वर्गात विचारू शकत नाही, ती तो मनात दडवून ठेवतो. आणि दडवून ठेवलेली शंका पुढे एक तर श्रद्धेस पोखरते, नाही तर त्या मुलास ढोंगी बनविते.

ह्या प्रश्नाचा विचार हवेत न करता आपल्या भूमीवर घडलेल्या एका गोष्टीच्या आधारे करावा असा आमचा हेतू आहे. ती गोष्ट म्हणजे लातूर जिल्ह्यातील किल्लारीचा भूकंप होय. ह्या अंकाच्या वाचकांपैकी विद्यार्थ्यांचा जन्म त्यानंतर कितीतरी वर्षांनी झाला. परंतु पालकांपैकी अनेकांस ती पहाट आठवत असेल, आणि काहींच्या घरी त्या पहाटे दगावलेल्या माणसांच्या तसबिरी भिंतीवर असतील. म्हणून आम्ही ह्या विषयास हात घालताना जपून बोलणार आहोत.

१. त्या पहाटे काय झाले

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांच्या सुमारास लातूर व धाराशिव जिल्ह्यांच्या सरहद्दीवरील भूमी हादरली. गणेशविसर्जन आटोपून गावे गाढ झोपेत होती. भूकंपाची महत्ता सुमारे ६.२ मोजण्यात आली. औसा तालुक्यातील किल्लारी आणि त्या वेळच्या उमरगा तालुक्यातील सास्तूर ही मोठी गावे व त्यांच्या भोवतालची अनेक खेडी काही क्षणांत दगडामातीचे ढीग झाली. ५२ गावे अशी उद्ध्वस्त झाली की, ती पुढे नव्या जागी वसवावी लागली. मृतांची संख्या सरकारी गणनेत आठ हजारांच्या जवळ भरली. अन्य अंदाजांत ती दहा हजारांपर्यंत जाते.

जगात ह्याहून पुष्कळ मोठे भूकंप झाले आहेत, आणि त्यांपैकी काहींत ह्याहून फारच थोडी माणसे मेली आहेत. मग येथे एवढा संहार का व्हावा? ह्या प्रश्नाचे उत्तर मात्र स्पष्ट मिळते. आपल्याकडील जुने घर म्हणजे काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या दोन-अडीच फूट रुंद भिंती, आणि वर लाकडी तुळयांवर तोललेले जाड मातीचे माळवद. पावसाळ्यात गळू नये म्हणून त्यावर मातीचे नवे थर चढत जात, आणि पिढ्यानुपिढ्या छप्पराचा भार वाढत जाई. उन्हाळ्यात ह्याच भिंती घर थंड ठेवीत, ह्याच भिंती चोरापासून रक्षण करीत. भूमी हादरताच आतील व बाहेरील दगडांचे थर एकमेकांपासून सुटले आणि माळवदाचा सारा भार निजलेल्या माणसांवर आला.

२. काय कळले आणि काय कळले नाही

आता ज्ञानाची मर्यादा पाहू. ह्या भूकंपापूर्वी आपला प्रदेश देशातील अत्यंत स्थिर भूभागांपैकी एक समजला जात असे. भूकंपाच्या धोक्याप्रमाणे देशाचे विभाग पाडणाऱ्या त्या काळच्या नकाशात किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात होता. हा नकाशा कोणा अडाणी मनुष्याने काढलेला नव्हता. त्या वेळी उपलब्ध असलेल्या उत्तम ज्ञानावर तो आधारलेला होता. भूमी हादरली तेव्हा ते ज्ञान अपुरे ठरले. २००२ साली सुधारलेल्या नकाशात पहिला विभागच काढून टाकण्यात आला आणि हा परिसर तिसऱ्या विभागात गेला.

ह्याहून विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, भूमीने काहीच सूचना दिली नव्हती असे नाही. १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत किल्लारीच्या परिसरात लहान लहान धक्के जाणवले होते व लोक भयभीत झाले होते. पुढे धक्के थांबले. असे लहान धक्के जगात अनेक ठिकाणी बसतात आणि मागाहून काहीच होत नाही. क्वचित एखाद्या ठिकाणी मागाहून प्रलय होतो. ह्या दोहोंतील भेद आधी ओळखण्याचे साधन तेव्हा कोणापाशी नव्हते, आणि आजही नाही. अमुक ठिकाणी अमुक दिवशी भूकंप होईल असे सांगण्याची विद्या मनुष्यास साधलेली नाही.

भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल छिद्र पाडून भूमीचे पोट तपासले. वरचा ३३८ मीटरांचा थर आपल्या परिचयाच्या काळ्या पाषाणाचा निघाला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थरावर थर पसरून हा पाषाण तयार झाला आणि तोच आपल्या दख्खनच्या पठाराची पाठ आहे. त्याखाली सुमारे ८ मीटर गाळाचे खडक, व त्याखाली अतिप्राचीन खडक लागला. ज्या भूमीवर आपण हजारो वर्षे नांगर धरला, तिच्या खाली काय आहे हे आपल्यास एवढ्या उशिरा कळले!

शास्त्रज्ञ म्हणतात की, भारताचा भूपट्ट दरवर्षी काही सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो व आशियाच्या भूपट्टास रेटतो. त्या रेट्याचा ताण भूपट्टाच्या अंतर्भागातही साठतो. आणि खडकातील एखादी जुनी भेग तो ताण सहन न होऊन सरकते. एवढे समजले. तथापि, ती नेमकी हीच भेग का असावी, आणि तिने नेमकी हीच पहाट का निवडावी, ह्याविषयी एकमत नाही. जवळच्या निम्न तेरणा जलाशयाच्या पाण्याचा ह्यात काही भाग असावा काय, ह्याचाही ऊहापोह झाला. ११ डिसेंबर १९६७ रोजी झालेल्या कोयनेच्या भूकंपाचा जलाशयाशी संबंध बहुतेक शास्त्रज्ञ मान्य करतात. किल्लारीविषयी तसे निश्चित म्हणता येत नाही.

मनुष्याने भूमीत पाडलेले सर्वांत खोल छिद्र रशियातील कोला द्वीपकल्पावर आहे. त्याची खोली १२ किलोमीटरांहून थोडी अधिक आहे. पृथ्वीच्या पृष्ठभागापासून मध्यबिंदूपर्यंतचे अंतर सुमारे ६३७१ किलोमीटर आहे. म्हणजे ज्या पृथ्वीवर आपण जन्मतो व मरतो, तिच्या खोलीचा पाचशेवा भागही आपण छेदलेला नाही. भूकंपाच्या लहरींवरून शास्त्रज्ञांनी तिच्या अंतरंगाविषयी जे जाणले ते अत्यंत आश्चर्यकारक आहे, आणि त्याचा आम्हांस आदर वाटतो. परंतु खरा शास्त्रज्ञ जेथे त्याचे मोजमाप संपते तेथे थांबतो आणि ‘पुढचे ठाऊक नाही’ असे लिहितो. विद्यार्थ्यांनो, विज्ञानाच्या पुस्तकातील हे वाक्य लहान समजू नका. हे वाक्य लिहिण्याचे धैर्य नसते तर पुढचे पान लिहिले गेले नसते.

३. न कळलेल्याचे स्पष्टीकरण देण्याचा मोह

आता श्रद्धावान मनुष्याकडे वळू. मोठे संकट कोसळले की, ‘हे कसे झाले’ एवढ्या प्रश्नाने मनुष्याचे समाधान होत नाही. ‘हे का झाले? माझ्याच मुलाच्या वाट्यास का आले?’ असे तो विचारतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर भूगर्भशास्त्र थोडेबहुत देते. दुसऱ्याचे उत्तर ते देत नाही, व देण्याचा दावाही करीत नाही. मग ती रिकामी जागा भरून काढण्यास धार्मिक माणसे पुढे सरसावतात. कोणी म्हणतो, ही पापाची शिक्षा. कोणी म्हणतो, हा देवाचा कोप. दुःखिताच्या दारात उभे राहून असे बोलणारा मनुष्य स्वतःस भक्त समजतो, परंतु आपण न जाणलेली गोष्ट जाणल्याचा आव आणीत आहोत हे त्याच्या ध्यानात येत नाही.

आम्ही ख्रिस्ती आहोत, म्हणून प्रथम आमच्याच घरातील दोष सांगतो. १ नोव्हेंबर १७५५ रोजी पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंपाने उद्ध्वस्त झाली. तो सर्व संतांच्या सणाचा दिवस होता व सकाळच्या उपासनेसाठी मंदिरे भरलेली होती. मंदिरे कोसळली, आगी लागल्या, समुद्र नगरात शिरला. हजारो माणसे मेली. त्यानंतर मालाग्रिदा नावाच्या एका जेझुइट धर्मोपदेशकाने १७५६ साली पुस्तिका लिहून प्रतिपादन केले की, हा नगरवासीयांच्या पापाचा दंड आहे, त्यास नैसर्गिक कारणे लावू नयेत. त्याच सुमारास राज्याचा प्रधान पोंबाल ह्याने प्रत्येक धर्मग्रामाकडे एक प्रश्नावली पाठविली. धक्का किती वेळ टिकला, किती धक्के बसले, किती माणसे मेली, समुद्र आधी चढला की ओसरला, असे साधे प्रश्न त्याने विचारले. भूकंपाच्या शास्त्राचा आरंभ ह्या प्रश्नावलीपासून झाला असे पुष्कळ मानतात. एकाने उत्तर आधीच जाणले होते, म्हणून त्याने काहीच विचारले नाही. दुसऱ्याने ठाऊक नसल्याचे मान्य केले, म्हणून तो काही शिकला.

आपल्या देशातही असा प्रसंग आला. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात अतिभयंकर भूकंप झाला. त्या वेळी महात्मा गांधी अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर होते. हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने केलेले शासन होय, असे त्यांनी जाहीरपणे म्हटले. रवींद्रनाथ ठाकूर ह्यांस अस्पृश्यतेचा तेवढाच तिटकारा होता. परंतु हे मत त्यांस पटले नाही. भौतिक उत्पातांची कारणे भौतिकच असतात, आणि नीतीचे नियम अशा उत्पातांशी जोडले असता ईश्वराच्या न्यायासच बाध येतो, अशा आशयाचा निषेध त्यांनी लिहिला. गांधींनी तो आपल्या ‘हरिजन’ पत्रात छापला व त्यास उत्तर दिले.

ह्या वादातून दोन बोध घेण्याजोगे आहेत. पहिला असा की, दोघेही ईश्वरास मानणारे होते. तेव्हा संकटास ईश्वराचा दंड न मानणे म्हणजे नास्तिकपणा, ही समजूत खरी नव्हे. दुसरा असा की, ज्याच्याशी आपला मतभेद आहे त्याचे म्हणणे आपल्याच पत्रात छापण्याइतका आदर दोघांमध्ये राहिला. ज्या विषयात मनुष्याचे ज्ञान अपुरे आहे, त्या विषयात वाद करण्याची हीच योग्य रीत होय. आमचे स्वतःचे मत रवींद्रनाथांच्या बाजूस झुकते. किल्लारीच्या पहाटे पाळण्यातील बालकेही मेली. त्यांच्या मृत्यूस कोणाच्या तरी पापाचा हिशेब लावणे आम्हांस धर्मबुद्धीस धरून वाटत नाही.

४. शास्त्रवचनांची साक्ष

पवित्र शास्त्रात ह्याविषयी काय आढळते? ईयोबाचा ग्रंथ ह्याच प्रश्नावर लिहिलेला आहे. ऊस देशीचा हा सज्जन पुरुष. एका दिवसात त्याची गुरेढोरे गेली, आणि वादळाने घर कोसळून त्याची मुले त्याखाली मेली. त्याचे तीन मित्र भेटीस आले. सात दिवस व सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसून राहिले. ह्या सात दिवसांत त्यांनी जे केले तेच उत्तम होते. पुढे त्यांनी तोंड उघडले व त्याच्या दुःखाची कारणे सांगण्यास आरंभ केला. तुझे काही गुप्त पाप असले पाहिजे, असा त्यांचा एकच सिद्धांत. ईयोबाने तो मानला नाही. त्याने देवाशी वाद केला, गाऱ्हाणे केले, कडू शब्द काढले. ग्रंथाच्या शेवटी देव कोणावर रागावतो हे विद्यार्थ्यांनी स्वतः काढून पाहावे. देवाची बाजू मांडणाऱ्या त्या तिघांवर तो रागावतो, आणि प्रश्न विचारणाऱ्या ईयोबाचे बोलणे त्यास यथार्थ वाटते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. देव वावटळीतून ईयोबाशी बोलतो, पण त्याच्या दुःखाचे कारण सांगत नाही. पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कोठे होतास, असे तो त्यालाच विचारतो. किल्लारीचे ६१७ मीटरांचे छिद्र पाहणाऱ्यास ह्या प्रश्नाचा अर्थ आपल्या पूर्वजांपेक्षा कमी नव्हे, अधिकच कळावा. ईयोबास उत्तर मिळाले नाही, भेट मिळाली. आणि तेवढ्याने त्याचे समाधान झाले.

प्रभू येशूच्या काळी यरुशलेमेत शिलोह येथील बुरूज पडून अठरा माणसे दगावली. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभूने त्या अपघाताचा उल्लेख केला आहे. ती अठरा माणसे नगरातील इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, असे त्याने विचारले व स्वतःच ‘नाही’ असे उत्तर दिले. मग त्याने ऐकणाऱ्यांस स्वतःच्या जीवनाकडे पाहण्यास सांगितले. मेलेल्यांचा न्याय करण्याचे काम त्याने कोणासही दिले नाही.

आणि वधस्तंभावर तर प्रभूने स्वतःच ‘का’ असा प्रश्न आपल्या देवास केला. त्या घटकेस त्या प्रश्नाचे उत्तर आकाशातून आले नाही. परंतु प्रश्न कोणास केला ते पाहावे. ज्यावर भरवसा आहे त्यालाच मनुष्य असा प्रश्न विचारतो. आपल्या भागातील संतांचीही हीच रीत आहे. गंगाखेडची जनाबाई आपल्या विठ्ठलाशी भांडते, त्यास बोल लावते. म्हणून तिला कोणी अभक्त म्हटले नाही.

५. मग श्रद्धा म्हणजे काय

ह्यावरून दिसून येईल की, श्रद्धा ही माहितीची एक जात नव्हे. जेथे माहिती संपते तेथील भोक बुजविण्यास श्रद्धेचा गारा वापरणे योग्य नाही. जो देव केवळ आपल्या अज्ञानाच्या भेगेत राहतो, त्याचे घर प्रत्येक नव्या शोधाबरोबर लहान होत जाते. श्रद्धा म्हणजे भरवसा. आणि भरवसा ठेवण्याचा प्रश्न जेथे सर्व काही ठाऊक नसते तेथेच उद्भवतो.

आपल्या शेतकऱ्याचे उदाहरण घेऊ. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर नगरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, इतका दुष्काळ होता. तरीही मृग लागताच ह्याच भागातील शेतकऱ्याने तिफण बाहेर काढली. पाऊस किती पडेल हे त्यास ठाऊक नव्हते. ‘पाऊस निश्चित पडणार’ असे तो म्हणाला असता तर तो भाबडा ठरला असता. ‘ठाऊक नाही, म्हणून पेरीतच नाही’ असे म्हणाला असता तर त्याचे शेत पडीक राहिले असते. तो ओल पाहतो, बी पारखून घेतो, दुबार पेरणीची वेळ आली तर असावे म्हणून थोडे बियाणे राखून ठेवतो, आणि मग मूठ सोडतो. त्याच्या पेरणीत ज्ञान आहे, अज्ञानाची कबुली आहे आणि भरवसाही आहे. तिन्ही एकाच मुठीत राहू शकतात.

ईश्वरावरील भरवशाचेही असेच आहे, आणि त्याचे थोर उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. पंडिता रमाबाई ह्यांचे आईबाप व वडील बहीण दुष्काळाच्या दिवसांत उपासमारीने व रोगाने निवर्तली. देवधर्मात सारे आयुष्य घालविलेल्या कुटुंबाची ही गती झालेली पाहून त्यांच्या मनात मोठी शंका उत्पन्न झाली. पुढे १८८३ साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. परंतु शंका विचारणे सोडले नाही. ज्या धर्मभगिनींनी त्यांस आश्रय दिला होता, त्यांच्याशीच त्यांचा पत्रांतून वाद चालला. जे मत आपल्या बुद्धीस व विवेकास पटलेले नाही, ते केवळ अधिकाऱ्यांनी सांगितले म्हणून स्वीकारण्यास त्या तयार नव्हत्या. हितचिंतकांस त्याचे दुःख झाले. तथापि, त्यांची श्रद्धा ह्या प्रश्नांनी आटली नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात उपाशी मुली व विधवा निराधार फिरत आहेत असे कळताच त्या स्वतः तेथे गेल्या आणि त्यांस घेऊन आल्या; केडगावचे मुक्तिसदन त्यांतून उभे राहिले. आपल्या आईबापांस दुष्काळात का मरावे लागले ह्याचे स्पष्टीकरण त्यांनी जगास दिले नाही. दुसऱ्यांच्या मुलींस त्यांनी मरू दिले नाही. ज्या बाईने एवढ्या शंका विचारल्या, तिनेच पुढे उतारवयात सारे पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणण्यास वर्षानुवर्षे वेचली, व ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवण्यापूर्वी ते काम पुरे केले.

६. श्रद्धेचे कर्तव्य

आता ह्या विचाराचा दैनंदिन उपयोग सांगून हा पाठ पुरा करू.

पहिली गोष्ट. २१ मार्च २०२४ रोजी व पुन्हा १० जुलै २०२४ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले ४.५ महत्तेचे धक्के नांदेडपर्यंत जाणवले. असे धक्के बसले की, अमुक रात्री अमुक वाजता मोठा भूकंप होणार, अशा वार्ता भ्रमणध्वनीवरून पसरतात. कधी त्यांस शास्त्रज्ञांचे नाव जोडलेले असते, कधी देवाचे. भूकंपाची वेळ सांगण्याची विद्या अस्तित्वातच नाही हे आपण वर पाहिले. म्हणून अशी वार्ता पुढे पाठविणे हा विज्ञानाचा व धर्माचा सारखाच अपराध होय. ‘ठाऊक नाही’ असे म्हणून ती तेथेच थांबविणाऱ्या मुलाने खोटी साक्ष न देण्याची आज्ञा पाळली असे आम्ही समजू.

दुसरी गोष्ट. भूकंप केव्हा होईल हे कळत नाही, परंतु घर कसे पडते हे कळलेले आहे. माळवदावरील मातीचा भार कमी करावा. दगडी भिंतीचे दोन्ही थर आरपार जाणाऱ्या लांब दगडांनी सांधावेत. दारा-खिडक्यांच्या माथ्यावर सर्व भिंतींस एकत्र बांधणारा लोखंड व सिमेंटचा पट्टा असावा. एवढ्यानेही पुष्कळ जीव वाचतात. जे कळले आहे ते न करता ‘देव तारील’ म्हणत निजणे ही श्रद्धा नव्हे, देवाची परीक्षा पाहणे होय.

तिसरी गोष्ट. ज्याच्या घरी दुःख झाले आहे त्याच्याकडे कारणे घेऊन जाऊ नये. किल्लारीच्या ढिगाऱ्यांकडे त्या दिवशी व पुढील अनेक दिवस सर्व धर्मांची व सर्व प्रांतांची माणसे धान्य, वस्त्रे, औषधे घेऊन धावली. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुलांस पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाची सोय केली. ह्या माणसांपैकी कोणास भूकंपाचे अंतिम कारण ठाऊक होते? कोणासच नाही. तरी आपण काय करावे हे त्यांस ठाऊक होते.

राजांच्या पहिल्या पुस्तकात एलीया संदेष्ट्याची कथा आहे. खचलेल्या मनाने तो होरेब डोंगरावर गुहेत बसला होता. डोंगर फोडणारा वारा सुटला, परंतु परमेश्वर त्या वाऱ्यात नव्हता; मग भूकंप झाला, परंतु परमेश्वर त्या भूकंपातही नव्हता; मग अग्नी आला, त्यातही नव्हता. सर्वांमागून एक मंद वाणी ऐकू आली. त्या वाणीने वाऱ्याचे वा भूकंपाचे कारण सांगितले नाही. तू येथे काय करीत आहेस, असे तिने विचारले व त्यास त्याच्या कामावर परत पाठविले.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे की, मुलाने देवाविषयी अवघड प्रश्न केला तर त्यास रागावू नये, आणि उत्तर ठाऊक नसल्यास खोटे उत्तर देऊ नये. ‘हे मलाही ठाऊक नाही, तरी माझा त्याजवर भरवसा आहे’ असे आईबापांनी म्हटलेले एक वाक्य मुलाच्या मनात पुष्कळ उपदेशांपेक्षा खोल रुजते.

स्वाध्याय

(१) ‘कसे’ आणि ‘का’ ह्या दोन प्रश्नांतील भेद आपल्या गावातील एखाद्या घटनेचे उदाहरण घेऊन स्पष्ट करा.

(२) ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस व त्यानंतरचे बोलणे ह्यांची तुलना करा. दुःखिताच्या भेटीस जाताना ह्यावरून काय शिकावे?

(३) १९३४ च्या वादात तुम्हांस कोणाचे मत पटते? आपल्या विरुद्ध मताच्या बाजूने सांगता येईल असे एक कारण प्रथम लिहा, मग आपले मत लिहा.

(४) किल्लारीचा भूकंप आठवणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीची त्यांना बोलावेसे वाटल्यास भेट घ्या. त्यांचे बोलणे मुकाट्याने ऐका. आणि आपल्या घराच्या भिंती व छप्पर कसे आहे ते पाहून दहा ओळी लिहा.